रक्तातल्या स्टेम सेलचं दान कसं करायचं

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करून दात्याच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, रुजवाव्या लागतात. हे उपचार मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३पासून होत आहेत. पण त्यासाठी दाता आणि रुग्ण यांचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच. म्हणून दात्री, डीकेएमएस यांसारख्या नोंदणी संस्थांना अनोळखी दाते हवे असतात.

नोंदणीसाठी गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देतात. त्याआधी अर्धा तास काही खाऊपिऊ नका. तंबाखू, मिश्रीही नको. नमुन्याची कापसाची काडी गालाच्या आत मिनिटभर नीट दाबून फिरवा. वरवर फिरवली तर नुसती लाळ येते, पेशी येत नाहीत. टोकाला बोट लावू नका आणि काडी वाळल्यावरच पाकिटात घाला. ओल्या काडीला बुरशी धरते.

जुळणी झाल्याचा फोन आला की घरच्यांशी त्याच दिवशी बोला. नकार द्यायचाच असेल तर तेव्हाच द्या. दानाच्या काही दिवस आधी रुग्णाची केमोथेरपी सुरू होते. त्यानंतर दाता मागे फिरला तर रुग्णाच्या शरीरात रक्त तयार करणारं काहीच उरलेलं नसतं. त्याचा जीव जाऊ शकतो.

दानाआधी चार-पाच दिवस जी-सीएसएफ या औषधाचं इंजेक्शन त्वचेखाली देतात, वजनाच्या दर किलोला साधारण १० मायक्रोग्रॅम रोज. त्याने स्टेम सेल मज्जेतून रक्तात उतरतात. कंबर, मांड्या ठणकतात, डोकं दुखतं; पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डाव्या बरगडीखाली दुखलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, प्लीहा सुजलेली असू शकते. त्या आठवड्यात कबड्डी, कुस्ती बंद.

पाचव्या दिवशी यंत्र एका हातातून रक्त घेतं, स्टेम सेल वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत देतं. चार-पाच तास लागतात. सुई असलेला हात वाकवता येत नाही, म्हणून आधी लघवीला जाऊन या. ओठांना मुंग्या आल्या तर सहन करत बसू नका, नर्सला सांगा: रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम कमी होतं, ते देता येतं. पेशी पुरेशा निघाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं. पाठीच्या कण्याला यात कुणी हात लावत नाही.

नंतर दोन-तीन दिवस जड उचलू नका, प्लेटलेट कमी झालेल्या असतात. गेलेल्या स्टेम सेल काही आठवड्यांत भरून येतात.