परदेशात कचरा बँकेत इंटर्नशिपला निघालाय? या चुका टाळा

पर्यावरणशास्त्र, एमएसडब्ल्यू नाहीतर सिव्हिल करणारी कोल्हापूरची पोरं हल्ली परदेशातल्या कम्युनिटी सस्टेनेबिलिटीच्या, म्हंजे वस्तीतल्या लोकांबरोबर पर्यावरणाचं काम करायच्या इंटर्नशिपला धडाधड अर्ज टाकायला लागलीत, आणि त्यातले बरेचजण मला एकच विचारतात, सर्टिफिकेट मिळतं काय? मिळतं की, त्यात काय एवढं. पण तिथं गेल्यावर नेमकं कुठं बिघडतं हे कुणी विचारत नाही म्हणून लिहितोय. मी इंडोनेशियात योग्याकार्ताजवळच्या एका वस्तीतल्या कचरा बँकेत होतो, त्यामुळं उदाहरणं तिथलीच येणार.

कचरा बँक म्हंजे काय, तर घरातला सुका कचरा वेगळा करून ठरलेल्या दिवशी आणायचा, तिथं वजन होतं, प्रकाराप्रमाणं दर लागतो आणि पैसे हातात न देता पासबुकात जमा होतात, मग लोक ते ईदच्या आधी नाहीतर पोरांच्या शाळेच्या खर्चाला काढतात. यातली पहिली बँक २००८ साली बांतुल जिल्ह्यात बांबांग सुवेर्दा यांनी सुरू केली. आता अशा बँका देशभर आहेत. आणि त्यांची गरज काय ते जुलै २०२३ मध्ये दिसलं, कारण योग्याकार्ता शहराचा सगळा कचरा जिथं जायचा तो पियुंगानचा डेपो भरला म्हणून बंद ठेवावा लागला. कोल्हापुरात झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा डोंगर बघितलेल्या माणसाला यापुढं वेगळं सांगायला नको.

आता चुका. पहिली पैशाची. फी घेऊन "सेवा" करायला पाठवणाऱ्या एजन्सी भरपूर आहेत, आणि सगळ्याच फसव्या असतात असं नाही, पण भरलेल्या फीतले किती पैसे त्या वस्तीपर्यंत पोचतात हे सरळ विचारायचं आणि तिथल्या माणसाशी एकदा व्हिडिओ कॉल लावून द्या म्हणायचं. टाळाटाळ झाली की विषय संपला. तुम्ही नसताना ते काम कोण करतं हेही विचारा, कुणीच करत नसेल तर ते काम तुमच्यासाठीच काढलेलं आहे असं समजा.

दुसरी चूक व्हिसाची, आणि ही महागात पडते. भारतीयांना इंडोनेशियात विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, तो एकदा वाढवता पण येतो, म्हणून पोरं म्हणतात कशाला डोक्याला ताप, जाऊ की टुरिस्ट म्हणून. अहो पण तो फिरायला जायचा व्हिसा आहे, त्यावर संस्थेत काम करता येत नाही मग पगार असो नसो, आणि पकडलं तर भुर्दंड तुम्हाला एकट्याला नाही, कचरा बँक चालवणाऱ्या ज्या बायकांनी तुम्हाला ठेवून घेतलं त्यांच्यामागं पण चौकशी लागते. इंटर्नशिपचा व्हिसा वेगळा असतो, त्याला तिथल्या संस्थेचं पत्र आणि सहसा कॉलेजचं पत्र लागतं, आणि आपल्या कॉलेजात एका पत्रावर सह्या व्हायला किती चकरा लागतात ते तुम्हाला माहिताय, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक पाहिजे. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड आहे, आपले ५ हजारांच्या वर होतात.

तारखा बघून जा. रमजानमध्ये बैठका कमी होतात, ईदला तर सगळे आपापल्या गावाला जातात आणि वस्ती रिकामी. १७ ऑगस्ट हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, महिन्याच्या सुरुवातीपासूनच गल्लोगल्ली स्पर्धांची तयारी चालू असते, त्या दिवसांत सर्व्हे घ्यायला जाणं म्हंजे गणपतीच्या आदल्या दिवशी मंडळात जाऊन फॉर्म भरून घेण्यासारखं आहे.

आता सगळ्यात मोठी चूक, जाताना बॅगेत प्रोजेक्ट घेऊन जाणं. माझ्याबरोबर दुसऱ्या देशातला एक पोरगा होता, हुशार होता, आल्या आल्या त्यानं पासबुकाच्या जागी मोबाईलवर चालणारं शीट बनवलं. बायकांनी कौतुक केलं, चहा दिला, फोटो काढले आणि पुढच्या बैठकीला वहीच उघडली. तिथली, म्हंजे जावा बेटावरची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, हसून छान छान म्हणतात आणि विषय तिथंच राहतो. आणि वही का सोडत नाहीत ते एक बैठक नीट बघितली की कळतं. एक बाई काट्यावर पोतं ठेवते, दुसरी आकडा मोठ्यानं वाचते, तिसरी लिहिते, आणि बाजूला बसलेल्या सगळ्या ऐकत असतात, त्यामुळं साडेतीनचं साडेपाच लिहिलं तर लगेच चारजणी ओरडतात. त्याच बैठकीत त्यांची भिशी पण निघते, आरिसान म्हणतात तिकडं. हे सगळं एकाच्या फोनमध्ये गेलं तर तपासणारं कुणी उरत नाही, आणि फोन घरी राहिला की बँक बंद!

तुमची आयडिया पडलीय हे ओळखायचं कसं? दोन बैठका झाल्या तरी कुणी त्याबद्दल एक शंका विचारली नाही, तर पडली. मग हट्ट करू नका, यात तुम्हाला सगळ्यात कंटाळवाणं काय वाटतं एवढंच विचारा. आमच्याकडं उत्तर आलं महिन्याची बेरीज. वही त्यांची राहिली, बेरीज आम्ही करून द्यायला लागलो, आणि खरा घोळ तिथंच सापडला.

घोळ असा की वहीतलं वजन आणि भंगारवाल्याकडं विकलेलं वजन जुळत नव्हतं. हे बऱ्याच ठिकाणी होतं आणि नवा इंटर्न लगेच कुणीतरी पैसे खाल्ले असं मनात आणतो. तसलं काही बोलायच्या आधी हे तपासा. रिकामा काटा शून्यावर आहे का. पुठ्ठा ओला आहे का, पावसाळ्यात ओला घेतला आणि वाळल्यावर विकला की वजन घटणारच. बाटलीत तळाला पाणी आहे का. टोपण आणि लेबल काढलंय का, कारण बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि टोपण दुसऱ्या प्लास्टिकचं, ते मिसळलं की भंगारवाला अख्ख्या पोत्याला खालचा दर लावतो. शंका आली तर तुकडा कापून पाण्यात टाका, पेट बुडतं, टोपणाचं प्लास्टिक तरंगतं. आणि दर बदलले तरी भिंतीवरचा तक्ता जुनाच राहिलाय का तेही बघा. एवढं करून फरक उरलाच तर खजिनदार बाईंशी एकट्यात बोला, बैठकीत नाही.

शाम्पू-कॉफीच्या सॅशेचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक इंटर्न विचारतो. त्यात थरावर थर असतात, घेणारं कुणी जवळपास नसतं. पर्स बनवतात त्याच्या, पण किती बनवणार.

ओल्या कचऱ्याचं घरातच खत करायला तिकडं ताकाकुरा टोपली वापरतात, जपानी तज्ज्ञ कोजी ताकाकुरा यांनी ती इंडोनेशियातल्याच सुराबाया शहरात बसवलेली पद्धत. तिला वास यायला लागला की पोरं घाबरून पाणी मारतात, नेमकं उलटं! वास म्हंजे आत ओल जास्त आणि हवा कमी, भाताचं तूस नाहीतर वाळका पाला घाला आणि हलवा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये. अळ्या दिसल्या तर टोपली फेकू नका, काळ्या सोल्जर माशीच्या असतील तर त्या कचरा फस्त करतात, तिकडं लोक मुद्दाम पाळून कोंबड्यांना घालतात.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. योग्याकार्ताचं जेवण गोड, फणसाची भाजी पण गोड, त्यामुळं कांदा-लसूण चटणीचं पाकीट नेलंत तर जीव वाचेल. शाकाहारी असाल तर प्रत्येक ठेच्यात सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असू शकते, विचारून खा. स्कूटर सगळेच चालवतात म्हणून तुम्ही लायसन्सशिवाय चालवू नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आणि वस्तीतल्या पोरांचे फोटो आईबापाला न विचारता इन्स्टावर टाकायचे नाहीत, रंकाळ्यावर कुणी आपल्या भाच्याचा फोटो असा काढून टाकला तर चालेल का तुम्हाला?

परत आल्यावर जोशात कोल्हापुरात तशीच बँक काढायला जाऊ नका. आपल्याकडं रद्दी आणि भंगार घ्यायला माणूस दारात येतो आणि रोख देतो, त्याच्याशी स्पर्धा करून काय मिळणार. बचत गटाची बैठक आधीच चालू असेल तिथं ओल्या कचऱ्याचं काही जमतंय का ते बघा, तेसुद्धा गटातल्या बायकांना पाहिजे असेल तरच.

शेवटचं, आणि हे न केल्यामुळं पोरं रडताना बघितलीत. कॉलेजला क्रेडिट द्यायला किती तास काम केलं त्याचा सही-शिक्क्यासकट हिशोब लागतो. तिथल्या छोट्या संस्थेकडं शिक्का असतो पण तो कुणाच्या तरी घरी कपाटात असतो. दर आठवड्याला सही घेत चला, निघायच्या दिवशी कोऑर्डिनेटर लग्नाला गेलेला असतो.