वीज खंडित होण्यापूर्वी घरातील पर्यायी विजेची तयारी

घरात पर्यायी विजेची सोय करायचे ठरले की बहुतेक जण इन्व्हर्टर किती मोठा घ्यावा, या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. वीज गेल्यावर कोणती उपकरणे चालू राहिलीच पाहिजेत आणि ती किती तास, हे आधी ठरवावे लागते. उपकरणांच्या एकूण वॅटवरून इन्व्हर्टरचा आकार ठरतो आणि तासांवरून बॅटरीचा. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर मोठा इन्व्हर्टर आणि अपुरी बॅटरी अशी जोडी घरात येते आणि तासाभरात अंधार होतो.

म्हणून कागद घेऊन प्रत्येक खोलीतून फिरावे आणि आवश्यक उपकरणांवर छापलेले वॅट लिहून काढावेत. एलईडी दिवा साधारण 9 वॅट घेतो, छताचा साधा पंखा 70 ते 75 वॅट आणि वायफाय राऊटर 10 वॅटच्या आसपास. गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह यांसारखी उष्णता निर्माण करणारी उपकरणे हजार ते दोन हजार वॅट किंवा त्याहूनही अधिक घेतात. त्यांना या यादीत स्थान देऊ नये, कारण असे एकच उपकरण बाकी सगळ्या घराची साठवलेली वीज थोड्या वेळात संपवते.

समजा चार दिवे, दोन पंखे, राऊटर आणि 60 वॅटचा एक लॅपटॉप एवढी गरज आहे. दिव्यांचे 36, पंख्यांचे 140, राऊटरचे 10 आणि लॅपटॉपचे 60 मिळून 246 वॅट होतात. हा भार चार तास चालवायचा तर 984 वॅट-तास, म्हणजे जवळपास एक युनिट वीज लागेल. 12 व्होल्ट आणि 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीत कागदावर 12 गुणिले 150, म्हणजे 1800 वॅट-तास असतात, पण ते सगळे आपल्या हाती येत नाहीत. इन्व्हर्टरमध्ये साधारण 15 टक्के वीज वाया जाते, असे धरल्यास आपल्या 984 वॅट-तासांसाठी बॅटरीतून सुमारे 1160 वॅट-तास काढावे लागतात, म्हणजेच तिच्या छापील क्षमतेच्या 64 टक्के. शिवाय लेड-ॲसिड (शिसे व आम्लाच्या) बॅटरीवरचा एएचचा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश वीज काढण्याच्या हिशेबाने दिलेला असतो. तीच वीज पाच-सहा तासांत ओढली, तर क्षमता कमी भरते. अशी बॅटरी वारंवार निम्म्याहून खाली उतरली की तिचे आयुष्य घटते, म्हणून नेहमीच्या वापरात निम्मीच वीज आपली मानावी.

याच हिशेबातून एक उपाय दिसतो, ज्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. जुन्या पंख्यांच्या जागी सुमारे 30 वॅटचे बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) पंखे बसवले, तर एकूण भार 246 वरून 166 वॅटवर येतो आणि त्याच चार तासांसाठी बॅटरीची केवळ 43 टक्के क्षमता पुरते. बॅटरी तीच राहते, पण चार तासांचे काम तिच्या आयुष्याला न जाचता होते. म्हणून मोठी बॅटरी घेण्यापूर्वी भार कमी करता येतो का, हे आवर्जून पाहावे.

इन्व्हर्टर निवडताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्यावर छापलेली क्षमता) आणि वॅट (प्रत्यक्ष चालणारा भार) यांतील फरक ध्यानात ठेवावा. 900 व्हीए लिहिलेल्या इन्व्हर्टरवर साधारण 700 वॅटचाच भार चालतो, आणि तोही काठोकाठ न भरता थोडी मोकळीक ठेवलेली बरी. शक्य असल्यास शुद्ध साइन वेव्ह (मुख्य वाहिनीसारखी गुळगुळीत लहर) देणारा इन्व्हर्टर घ्यावा, कारण स्क्वेअर वेव्हवर (चौकोनी लहरीवर) पंखे घरघर करतात आणि मोटर अधिक तापते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो, म्हणून त्याच्यासाठी बराच मोठा इन्व्हर्टर लागतो. वास्तविक थोड्या वेळासाठी त्याची गरजच नसते. दार उघडले नाही तर फ्रिजमधील पदार्थ सुमारे चार तास सुरक्षित राहतात आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास थंड राहतो.

बॅटरीच्या प्रकारांपैकी ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी जड असते आणि तिची देखभाल करावी लागते, पण ती दीर्घकाळ साथ देते. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिची जागा हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी. पाण्याची पातळी दर एक-दोन महिन्यांनी पाहावी आणि कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घालणे योग्य, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेले पाणी आम्लासह बाहेर सांडू शकते. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरते पाणी आधीच घालावे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते, तिला पाणी लागत नाही आणि तिची 80 टक्के किंवा अधिक क्षमता वापरता येते. मात्र इन्व्हर्टरचा चार्जर तिला अनुरूप आहे, याची खात्री केल्याशिवाय जुन्या इन्व्हर्टरला ती जोडू नये.

जोडणीचे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. 12 व्होल्टवर 700 वॅटचा भार चालवताना बॅटरीच्या तारांतून सत्तर अँपिअरपर्यंत प्रवाह वाहतो, त्यामुळे त्या तारा जाड आणि आखूड हव्यात. इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे बोर्डपासूनच वेगळ्या सर्किटवर घ्यावेत, म्हणजे चुकून गिझरचा भार त्यावर येणार नाही.

दीर्घकाळ वीज जाणार असेल तर जनरेटरचा विचार करावा लागतो, आणि येथे निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेत असलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. म्हणून जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, बाल्कनीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नये. घरापासून निदान सहा मीटर दूर, धूर दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला जाईल असा तो उघड्यावर ठेवावा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म लावावा. इंधन भरण्यापूर्वी यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. दुसरा धोका घराबाहेरच्या माणसाला असतो. जनरेटर भिंतीतील सॉकेटला जोडला, तर वीज उलट दिशेने बाहेरच्या वाहिनीत शिरते आणि दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विचमुळे घर एका वेळी एकाच स्रोताला जोडलेले राहते. तो नसेल, तर उपकरणे एक्स्टेंशनने थेट जनरेटरलाच जोडावीत.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखे (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे) वैद्यकीय उपकरण असेल, तर त्याचा हिशेब वेगळा मांडावा. ते साधारण 300 वॅट किंवा अधिक घेते आणि अखंड चालते. त्यासाठी स्वतंत्र सोय ठेवून शिवाय भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हाताशी असावा आणि पुढची व्यवस्था डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावी.

एवढी तयारी शक्य नसेल, तरी चार्ज केलेले दिवे आणि पॉवर बँक बरीच मदत करतात. 10000 एमएएचच्या पॉवर बँकेत 37 वॅट-तास असतात. हा आकडा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेला असतो, त्यामुळे फोनपर्यंत पोहोचणारी क्षमता साधारण 6000 एमएएच धरावी.

सगळे बसवून झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम मेन स्विच बंद करून नेहमीच्या भारावर घर चालवून पाहावे आणि प्रत्यक्षात किती तास मिळाले, ते कागदावरच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावे. ही चाचणी दर काही महिन्यांनी करावी. मिळणारे तास घटू लागले, तर आधी पाण्याची पातळी आणि टर्मिनलवरचा (बॅटरीला तारा जोडतात त्या टोकांवरचा) पांढरट थर तपासावा. ते ठीक असूनही तास कमीच भरत असतील, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे, असे समजावे.