प्रॉपर्टीग्रिडमधील बदलती मूल्ये ताजी कशी ठेवावीत

विंडोज फॉर्म्स (डॉटनेटमधील खिडक्यांचे प्रोग्राम बनवण्याची सोय) यातील प्रॉपर्टीग्रिड, म्हणजे ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टी (नावे आणि मूल्ये) ओळींमध्ये दाखवणारी व बदलू देणारी चौकट. तिला एखादा ऑब्जेक्ट 'सिलेक्टेडऑब्जेक्ट' म्हणून दिला, की त्या क्षणी त्यात असलेली मूल्ये ती दाखवते. पुढे आपल्या कोडने एखादे मूल्य बदलले, तरी ग्रिडला काही कारणाने पुन्हा वाचावे लागेपर्यंत पडद्यावर जुनाच आकडा राहतो. उपाय निवडण्यापूर्वी केवळ मूल्य बदलले आहे, की त्या प्रॉपर्टीचे स्वरूपच बदलले आहे, हे ठरवावे, कारण दोन्हींची हाताळणी वेगळी आहे.

जालना परिसरातील मोसंबीच्या बागांसाठी ठिबक सिंचनाचा आराखडा करणारा एक प्रोग्राम समजा. त्यात क्षेत्र, लागवडीचे अंतर, झाडांची संख्या, सिंचनाची पद्धत, ड्रिपरचा प्रवाह आणि विहिरीची पाणीपातळी अशा प्रॉपर्टी आहेत. एका हेक्टरला ६ × ६ मीटर अंतरावर २७७ झाडे बसतात. वापरकर्त्याने ग्रिडमध्ये अंतर ६ × ३ मीटर केले, की संख्या लगेच ५५५ दिसली पाहिजे. यासाठी 'रिफ्रेशप्रॉपर्टीज' हे अॅट्रिब्यूट (कोडमध्ये प्रॉपर्टीला जोडलेली जादा माहिती) लावतात, परंतु ते झाडांच्या संख्येवर नव्हे, तर वापरकर्ता जी बदलतो त्या अंतराच्या प्रॉपर्टीवर लावायचे असते. गोंधळ बहुधा इथेच होतो, कारण जुना आकडा संख्येच्या ओळीत दिसतो आणि दोषही तिथेच शोधला जातो. क्षेत्र बदलल्यानेही संख्या बदलते, म्हणून तेच अॅट्रिब्यूट क्षेत्रालाही द्यावे. इथे फक्त आकडे बदलत असल्याने 'रीपेंट' हा पर्याय पुरेसा आहे.

सिंचनाच्या पद्धतीचे तसे नाही. पद्धत 'ठिबक' असताना ड्रिपरचा प्रवाह, उदाहरणार्थ ताशी ४ लिटर, भरता आला पाहिजे; 'मोकाट' निवडताच ती ओळ फक्त वाचण्यापुरती राहिली पाहिजे. हा स्वरूपातला बदल असल्यामुळे पद्धतीच्या प्रॉपर्टीवर 'ऑल' हा पर्याय द्यावा, म्हणजे ग्रिड प्रॉपर्टींची यादी नव्याने मागवते. मात्र यादी पुन्हा मागवली तरी उत्तर तेच मिळाले तर उपयोग नाही. म्हणून वर्गाला (क्लासला) स्वतःचा 'टाइपकन्व्हर्टर', म्हणजे ग्रिडला प्रॉपर्टींची यादी पुरवू शकणारा सहायक वर्ग, जोडावा, त्यातील 'गेटप्रॉपर्टीजसपोर्टेड' होकारार्थी ठेवावे, आणि 'गेटप्रॉपर्टीज'मध्ये ऑब्जेक्टची सध्याची पद्धत पाहून, ती मोकाट असल्यास 'टाइपडिस्क्रिप्टर.क्रिएटप्रॉपर्टी'च्या साहाय्याने ड्रिपरच्या प्रॉपर्टीचे 'रीडओन्ली' अॅट्रिब्यूट असलेले नवे वर्णन तयार करून यादीत ठेवावे. रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रामने वर्गाच्या आत डोकावण्याच्या सोयीने) 'रीडओन्ली' अॅट्रिब्यूटच्या आतले खासगी फील्ड बदलण्याची युक्ती अनेक जण वापरतात. ती टाळावी असे मी आग्रहाने सांगेन. ते अॅट्रिब्यूट एका ऑब्जेक्टचे नसून सबंध वर्गाचे असते, आणि प्रॉपर्टीवर ते स्पष्टपणे लिहिलेले नसेल तर सर्वांमध्ये सामाईक असलेली मूळ प्रतच बदलली जाऊन भलत्याच ओळी बंद पडतात.

पर्यायांची यादी, म्हणजे खाली उघडणारी निवड, बदलायची असेल तर त्या प्रॉपर्टीच्या टाइपकन्व्हर्टरमधील 'गेटस्टँडर्डव्हॅल्यूज'मध्ये 'काँटेक्स्ट.इन्स्टन्स', म्हणजे ग्रिडमध्ये निवडलेला ऑब्जेक्ट, पाहून ती त्या वेळी तयार करावी. ग्रिडमध्ये एकाच वेळी अनेक ऑब्जेक्ट निवडलेले असल्यास तिथे अॅरे येतो, याची तपासणी विसरू नये.

आता पाणीपातळी. ती सेन्सरकडून येते, वापरकर्ता ग्रिडमध्ये बदलत नाही. त्यामुळे इथे 'रिफ्रेशप्रॉपर्टीज' कामाचे नाही आणि 'प्रॉपर्टीव्हॅल्यूचेंज्ड' हा इव्हेंटही येणार नाही, कारण तो ग्रिडमधून झालेल्या बदलासाठीच आहे. इथे ग्रिडची 'रिफ्रेश' ही मेथड स्वतः बोलवावी लागते. सेन्सरचे वाचन वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) होत असेल, तर ही मेथड थेट तिथून न बोलवता 'बिगिनइनव्होक'च्या द्वारे, ज्या थ्रेडवर ग्रिड तयार झाली त्याच थ्रेडवर चालवावी. वाचने झपाट्याने येत असतील तर प्रत्येक वाचनाला रिफ्रेश करू नये. वाचन आल्यावर केवळ खूण करून ठेवावी आणि फॉर्मवरील टायमरने सेकंदातून एकदा खूण तपासून एकच रिफ्रेश करावा.

रिफ्रेशच्या वेळी वापरकर्ता एखाद्या ओळीत मजकूर लिहीत असेल, तर ते अर्धवट मूल्य एक तर वेळेआधीच पक्के होते किंवा टाकून दिले जाते. शेताचे क्षेत्र लिहिणाऱ्याचे १२ तोडून १ वरच आराखडा बनणे हे जुना आकडा दिसण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. म्हणून टायमरमध्ये आधी ग्रिडचे 'कंटेन्सफोकस', म्हणजे वापरकर्ता सध्या ग्रिडमध्येच काम करत आहे का, ते पाहावे. ते खरे असेल तर खूण तशीच ठेवावी, आणि फोकस ग्रिडबाहेर गेल्यावर 'लीव्ह' या इव्हेंटमध्ये राहिलेला रिफ्रेश उरकावा.