फोटो आपोआप लहान करून अपलोड करताय? आधी या चुका टाळा

लग्नाचे सातशे फोटो, एकेक साधारण 6 एमबीचा, म्हणजे चार जीबीच्या वर गेलं, आणि अपलोडला 5 एमबीपीएस स्पीड मिळाला तरी पावणेदोन-दोन तास जातात, तेही मधेच लाईट गेली नाही तर. तेच फोटो 1600 पिक्सेलवर आणले की एकेक 400 केबीच्या आसपास येतो आणि सात-आठ मिनिटांत काम होतं. म्हणून स्क्रिप्ट (एकदा लिहून ठेवलेल्या कमांड, सगळ्या फोटोंवर आपोआप चालतात) लावणं बरोबरच आहे, मी त्यासाठी इमेजमॅजिक हे फोटो लहान-मोठे करायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे आणि वर्षानुवर्षं चालतंय. पण जळगाव-धुळ्याकडची नवीन पोरं माझ्याकडे अडचण घेऊन येतात ना, ती सगळी त्याच त्या चुका करून आलेली असतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ओरिजिनल फोटोंवरच स्क्रिप्ट चालवणं. इमेजमॅजिकची मॉग्रिफाय कमांड काही विचारत नाही, त्याच नावाने त्याच फाईलवर लिहून मोकळी होते. हे मी स्वतः भोगलंय. पाचोऱ्याकडचं लग्न होतं, ऐन मे महिना, दुसऱ्या दिवशी चाळीसगावला दुसरं, म्हणून कार्ड कॉम्प्युटरवर रिकामं केलं, फॉरमॅट मारलं, आणि पाहुण्यांना फोटो लवकर बघायचे होते म्हणून रात्री दीड वाजता झोपेत कमांड टाकली, त्यात पाथ, म्हणजे लहान फोटो कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे ते, द्यायचा राहिला. फोटो भराभर अपलोड झाले, मी खूश. चार दिवसांनी अल्बमला बसलो तर फोल्डर 280 एमबीचं! अल्बम ठरलेला 12 बाय 36 इंचांचा, आणि 1600 पिक्सेलचा फोटो 300 डीपीआयला (छपाईत एका इंचात 300 ठिपके) जेमतेम सव्वापाच इंच भरतो. कार्डावर तोवर चाळीसगावचं लग्न बसलेलं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने हळदीचे बरेचसे निघाले, पण बिदाईला आई पदराने मुलीचे डोळे पुसतेय तो फोटो मोठा काही मिळाला नाही. पैसे परत केले, तरी तो फोटो आजही डोळ्यांसमोर येतो.

तेव्हापासून माझी सवय अशी की कार्ड आलं की आधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, मग 'लहान' नावाचं फोल्डर हाताने बनवायचं (पाथमध्ये दिलेलं फोल्डर आधीच असावं लागतं), स्क्रिप्टने फक्त तिथेच लिहायचं, आणि अल्बम घरी पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पोरं म्हणतात एवढी कार्डं कुठून आणायची, तर भाऊ, कार्ड पुन्हा विकत मिळतं, लग्न मिळत नाही.

दुसरी चूक, फोटो आडवे पडणं. मोबाईल उभा धरला तरी सेन्सर बऱ्याचदा आडवाच फोटो साठवतो आणि 'हा असा फिरवून दाखवा' एवढी खूण एक्झिफमध्ये (फोटोच्या फाईलमधली लपलेली माहिती) लिहून ठेवतो. फाईल हलकी व्हावी म्हणून स्ट्रिप (ही जादा माहिती काढून टाकणारा पर्याय) लावलं की ती खूण पुसली जाते. एका श्रावणात एका घरचे कानबाईचे (आमच्या खानदेशातली देवी) फोटो असेच गेले, चौरंगावरचं नारळ, नथ, फुलांचा हार, सगळं कुशीवर! त्या घरच्या आजींचा फोन आला, "भाऊ, आमनी कानबाई आडी कशी पडनी?" देवाच्या बाबतीत असं झालेलं मला फार लागलं. उपाय एका शब्दाचा आहे, स्ट्रिपच्या आधी ऑटो-ओरिएंट लावा, त्याने ती खूण वाचून फोटो खरोखरच सरळ फिरवला जातो. आधी म्हणजे आधीच, नंतर लावून उपयोग नाही. स्ट्रिपने कलर प्रोफाइलही (रंग कसे दाखवायचे ती माहिती) जातं, त्यामुळे कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग अडोबी आरजीबी असेल तर फोटो आधी वेब-मोबाईलवर चालणाऱ्या एसआरजीबीत बदलून घ्या, नाहीतर शालूचा लाल रंग फिका पडतो.

वॉच फोल्डर, म्हणजे फाईल आली की स्क्रिप्ट आपोआप चालते असं फोल्डर, लावणाऱ्यांनी एक बघा. कार्डावरून फाईल अजून कॉपी होतेय आणि स्क्रिप्टने ती उचलली तर फोटोचा खालचा भाग करडा येतो. मी कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये करतो आणि पूर्ण झाली की मगच त्याच ड्राईव्हवरच्या वॉच फोल्डरमध्ये मूव्ह करतो.

साइज देताना आकड्यांच्या शेवटी 'पेक्षा मोठं' चं चिन्ह (>) लावा, म्हणजे आधीच लहान असलेले फोटो ताणले जाणार नाहीत, आणि ते सगळं अवतरणात टाका, नाहीतर कॉम्प्युटरला वाटतं आउटपुट फाईलमध्ये टाकायचंय.

क्वालिटी 100 नको, 82-85 पुरे. लहान केलेल्या जेपीजीला पुन्हा लहान करू नका, दरवेळी ओरिजिनलवरूनच काढा. विंडोजवर नुसतं कन्व्हर्ट टाइप करू नका, त्या नावाचं विंडोजचं स्वतःचं डिस्कचं टूल आहे, इमेजमॅजिकच्या व्हर्जन 7 मध्ये मॅजिक (magick) लिहायचं. आयफोनचे एचईआयसी फोटो आधी जेपीजी करून घ्या.

आणि घाई कितीही असो, सातशेवर चालवण्याआधी दहा फोटोंवर चालवा, त्यात दोन उभे, एक मोबाईलचा, एक रात्रीचा घ्या, आणि ते दहाही पूर्ण उघडून बघा, नुसते थंबनेल बघून पुढे जाऊ नका.