घोड्याच्या ट्रेलरमध्ये संसार थाटताना

घोडा घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला मुक्काम ही कायमची डोकेदुखी असते. घोडा एकीकडे, आपण दुसरीकडे. रात्री दोन वाजता त्याला पोटशूळ उठला, तर आपल्याला कळणार सकाळी. म्हणून ट्रेलरच्या पुढच्या भागात राहायची खोली करून घ्यायची पद्धत आली. मागे घोडे, पुढे पलंग, ओटा आणि न्हाणी.

ही खोली आपण बघायला जातो ती कोरड्या दुपारी, रिकाम्या हातांनी. वापरतो मात्र प्रवासाच्या तिसऱ्या संध्याकाळी. तेव्हा बूट चिखलानं जड झालेले असतात, खोगिराखालची गादी घामानं चिंब असते, घोड्याला पाणी दाखवायचं राहिलेलं असतं आणि आपल्याला उभं राहवत नसतं. खोली त्या संध्याकाळसाठी आखा. नवा ट्रेलर बनवून घेत असाल, जुना घेत असाल किंवा साधा ट्रेलर राहण्याजोगा करत असाल, पुढचा क्रम तिन्हींना लागू पडतो.

१. आधी घोड्याची जागा ठरवा

खोलीत दोन फूट वाढवायचे म्हणून घोड्याच्या जागेतून दोन फूट काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. प्रवासात घोडा चारी पायांवर तोल सांभाळत सतत उभा असतो. त्याला पाय थोडे फाकवता आले पाहिजेत आणि मान खाली घालता आली पाहिजे. मान तासन्‌तास वर बांधून ठेवली की श्वासनलिकेतली धूळ आणि शेंबूड बाहेर पडत नाही. लांबच्या प्रवासानंतर घोड्यांना होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचं ते एक मोठं कारण आहे. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवायचं, दोर सैल करून मान खाली घालू द्यायची.

घोड्यांच्या बाजूला छतात झरोके आणि दोन्ही अंगांना खिडक्या हव्यातच. घोड्याच्या अंगातून भरपूर ऊब आणि वाफ निघते, त्यात मुताचा उग्र अमोनिया मिसळतो. खोली आणि घोडे यांच्यामधलं दार म्हणूनच घट्ट बसणारं, रबरी पट्टीचं घ्या. असं दार असलं की रात्री न भिजता डोकावता येतं, पण पट्टी सैल असेल तर पहाटेपर्यंत उशीलाही तबेल्याचा वास लागतो.

तिरप्या उभ्या राहणाऱ्या घोड्यांच्या ट्रेलरमध्ये मधली भिंत तिरकी येते, त्यामुळे खोलीची एक बाजू आखूड आणि दुसरी लांब असते. विकणारा ‘आठ फुटी खोली’ म्हणतो तेव्हा तो आखूड भिंतीचं माप सांगत असतो. हे ठाऊक नसलं तर दोन ट्रेलरांची तुलना करताना हमखास फसायला होतं.

२. वजनाचा हिशेब कागदावर मांडा

घोडं पेंड खातं ते इथंच. ट्रेलरवरच्या पत्र्याच्या पाटीवर जास्तीत जास्त एकूण वजन कोरलेलं असतं. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच तुमचं आणि घोड्यांचं. आता भर घाला. साधारण अंगाचा घोडा ४५० ते ५५० किलोचा, म्हणजे दोन घोडे झाले की एक टन गेला. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे १५० लिटरची टाकी भरली की दीडशे किलो. वैरणीचे गठ्ठे, दाण्याची पोती, खोगिरं, गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, जनरेटर. पुढे कपाटं, ओटा, एसी. लाकडी फर्निचर दिसायला सुरेख, पण दर दार आणि दर फळी ट्रेलर जन्मभर ओढत राहतो.

सगळा भार भरून, घोडे चढवून, एकदा वजनकाट्यावर जा. एकूण आकड्यावर समाधान मानू नका. जोडणीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर, किती भार येतो तेही पाहा. गाडीच्या मागच्या हुकाला जोडायच्या ट्रेलरमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. पिकअपच्या हौद्यात मान टाकणाऱ्या गूझनेकमध्ये साधारण २० ते २५ टक्के. जोडणीवर भार कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा झुलायला लागतो, आणि एकदा तो झुलायला लागला की चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही. राहायची खोली मोठी हवी असेल तर गूझनेकच बरा. त्याची मान हौद्यावर येते, त्या मानेत पलंग बसतो आणि खाली जमिनीवरची जागा मोकळी राहते.

३. दारापासून आत मांडत या

आराखडा काढताना सगळे पलंगापासून सुरुवात करतात. मी दारापासून करायला सांगतो. दार उघडलं की पहिली दोन पावलं चिखलाची, हे गृहीत धरा. तिथे धुता येईल अशी फरशी, बुटांसाठी कडा वळवलेला ट्रे, भिंतीला भक्कम खुंट्या आणि बसून बूट काढता येईल असा एखादा बाक किंवा पेटी हवी. न्हाणी शक्यतो याच दाराला लागून असू द्या. म्हणजे भिजलेले कपडे न्हाणीत टांगले की पाणी आपोआप नळीत जातं. माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये न्हाणी पार पलीकडच्या टोकाला होती. आंघोळीला जाताना रोज अर्धी खोली चिखलानं माखायची आणि मग ती पुसताना दुसरी आंघोळ व्हायची!

खोगिरं, लगाम, खरारे, मोहरक्या यांना खोलीत जागा देऊ नका. त्यांचं कपाट बाहेरून उघडणारं, वेगळं आणि हवेशीर हवं. दमट खोगिराला बुरशी धरते आणि त्याचा वास गादीत शिरतो. वैरण छतावर ठेवत असाल तर ताडपत्री कसून बांधा. वर चढायची शिडी घोड्यांच्या दारापासून लांब घ्या, नाहीतर गठ्ठा नेमका बांधलेल्या घोड्याच्या डोक्यावर येतो.

ओट्याची लांबी भांडी घासायला पुरेशी झाली की बस. स्वयंपाकाचं बरंचसं काम बाहेर, छत्रीखाली होतं. आत वाफ आणि वास कोंडण्यापेक्षा तेच बरं, आणि बाहेर बसलं की घोडे नजरेसमोर राहतात.

४. ओल कुठून येते ते समजून घ्या

थंडीच्या पहिल्या मुक्कामात सकाळी उठून पाहिलं तर गादीची खालची बाजू ओली. छत गळतंय असं समजून मी झरोक्याभोवती भराभर सिलिकॉन भरलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पाणी वरून येतच नव्हतं, माझ्याच श्वासातून येत होतं.

दोन माणसं झोपली की रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. ट्रेलरचा सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याची उष्णतावाहकता लाकडाच्या हजारपटीहून जास्त आहे. बाहेरची थंडी सांगाड्यातून सरळ आत येते आणि जिथे पत्रा थंड तिथे वाफेचं पाणी होतं. गादी थेट पत्र्यावर टेकलेली असेल तर ते पाणी गादी पिते आणि महिन्याभरात काळे ठिपके दिसायला लागतात.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करायचे. भिंती आणि छतात उष्णतारोधक फोम भरताना पट्ट्यांमधली जागा तर भराच, पण धातूच्या पट्ट्यांवरही पातळ थर द्या. थंडी आत येते ती त्यांच्यातूनच. दुसरं, गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवा म्हणजे खालून हवा खेळते. तिसरा उपाय लोकांना पटत नाही: कितीही थंडी असो, छतातला झरोका बोटभर आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. खोली थोडी गार पडेल, पण कोरडी राहील. गार कोरड्या अंथरुणात झोप लागते, उबदार ओल्यात लागत नाही.

गॅसची शेगडी पेटवून खोली गरम करण्याचा विचारही मनात आणू नका. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं. शिवाय हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हीटर घ्यायचा तो जळण्यासाठीची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणाराच.

५. पाण्याच्या टाक्या

टाक्या तीन: स्वच्छ पाण्याची, न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची आणि शौचाची. स्वच्छ पाण्याइतकीच सांडपाण्याची टाकी मोठी नसेल तर पहिलीचा उपयोग नाही, कारण सांडपाणी भरलं की आंघोळ थांबलीच. शौचाच्या टाकीची झडप एरवी बंद ठेवा. दोन-तृतीयांश भरल्यावर ती ठरलेल्या जागी एकदम रिकामी करा आणि लगेच मागून सांडपाणी सोडा, म्हणजे पाइप धुऊन निघतो. पिण्याच्या पाण्याची नळी आणि ही नळी कधीही एका कप्प्यात ठेवू नका.

घोड्यांचं पाणी वेगळं मोजा. घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पितो, उन्हात काम केलं तर त्याहून जास्त. काही घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापुरतं तबेल्यातलंच पाणी सोबत असावं. प्रवासात टाकी अर्धवट भरलेली नको, पाणी हिंदकळतं. भरलेली तरी ठेवा, नाहीतर मुक्कामाच्या जवळ भरा.

६. वीज आणि गॅस

दिवे, पंप आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्यात सगळ्यात खादाड तो हीटरचा पंखा, चालू असताना साधारण ५ ते ८ अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासाची जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातलं निम्मंच वापरायचं. थंडीच्या एका रात्रीत ते संपू शकतं. लिथियम बॅटरी महाग, पण हलकी आणि तिच्यातलं बहुतेक सगळं वापरता येतं. वजनाचा कागद समोर असला की ही निवड सोपी होते.

एसीची गोष्ट वेगळी. १३,५०० बीटीयूचा एसी चालू होताना मोठा झटका घेतो. त्याला साधारण ३ किलोवॅटचा जनरेटर लागतो, किंवा लहान जनरेटरसोबत सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे हा झटका कमी करणारं उपकरण, बसवावं लागतं. जनरेटरचा धूर ना तुमच्या खिडकीकडे, ना घोड्यांच्या. वाऱ्याची दिशा रात्री बदलते, म्हणून झोपताना तो बंद करणंच योग्य.

प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो. त्याचा अलार्म जमिनीलगत लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ, धुराचा छताला. पलंगाजवळची खिडकी आतून पूर्ण उघडते का आणि तुम्ही तिच्यातून बाहेर पडू शकता का, हे खरोखर पडून पाहा. वैरण आणि आग एकाच छताखाली आहेत, तेव्हा एक अग्निशामक दाराजवळ आणि एक बाहेरच्या कपाटात असावाच. गाडी हलण्याआधी गॅसच्या टाक्यांच्या झडपा बंद. आणि गाडी चालू असताना खोलीत कुणीही बसायचं नाही, कितीही झोप आली असली तरी.

७. मुक्कामाला पोहोचल्यावरचा क्रम

सपाट जागा शोधा. जुन्या धाटणीचा गॅसवर चालणारा फ्रिज तिरका उभा राहिला तर नीट गार करत नाही, कारण त्यातलं द्रावण उतारानं वाहतं. चाकांखाली ठोकळे लावा, पण घोडे आत असताना ट्रेलर गाडीपासून कधीच सोडू नका. जोडलेल्या गाडीचा टेकू गेला की आतल्या घोड्याच्या एका पावलानंही तोल जातो. आधी घोडे उतरवा, पाणी दाखवा, चार पावलं फिरवा. मग गॅस, वीज, पाणी. आपला चहा सगळ्यात शेवटी.

घोडे ट्रेलरला बांधायचे तर कडी घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्याएवढी किंवा त्याहून वर हवी, दोर एका झटक्यात सुटेल अशा गाठीचा. त्याला गवतापर्यंत तोंड नेता यावं, पण पाय अडकेल इतका दोर लांब नको. हलकी घडीची कुंपणं सोबत असतील तर फारच छान. घोडा मोकळा राहतो आणि तुमची झोपही. ट्रेलरला बांधलेल्या घोड्यानं रात्री टाप आपटली की ती सरळ तुमच्या उशीपर्यंत येते. पहिल्या रात्री दर टापेला दचकून उठाल. नंतर टापा थांबल्या की जाग येते, आणि तेव्हा उठून पाहायलाच हवं.

८. निघण्याआधी एक रात्र अंगणात

पहिला मुक्काम घराच्या अंगणातच करा. घराची किल्ली दुसऱ्याकडे द्या. स्वयंपाक, आंघोळ, झोप, सकाळचा चहा, सगळं ट्रेलरमध्ये. जी जी वस्तू मागायला घराच्या दारापर्यंत जावं लागेल ती लिहून ठेवा.

त्याच सकाळी रबरी चटया उचलून खालची जमीन तपासा. लाकूड असेल तर टोचणीनं दाबून पाहा, मऊ लागलं तर बदला. ॲल्युमिनियमला मुतामुळे पांढरट खड्डे पडतात. टायरवरचे तारखेचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर घोड्याखाली नको.

तीन प्रवास झाले की उलटी यादी करा. ज्या वस्तूला तिन्ही वेळा हात लागला नाही ती उतरवा. अग्निशामक, प्रथमोपचाराच्या दोन्ही पेट्या, माणसाची आणि घोड्याची, आणि जादा चाक एवढं मात्र तसंच राहू द्या.