करडं पडलेलं काळं प्लास्टिक पुन्हा काळं कसं करावं

बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कडा, आरशांची कव्हरं, वायपरखालची जाळी. गाडीचा रंग चकचकीत असतो, पण हे काळं प्लास्टिक करडं पडतं आणि सगळी गाडीच म्हातारी दिसायला लागते. हे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि त्यावर रंगाचा थर नसतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या वरच्या थरातले रेणू तुटतात, बारीक भेगा पडतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरला की पांढुरकी झाक दिसते. आतला माल काळाच असतो.

तेल चोपडल्यावर ते झटकन काळं दिसतं, कारण तेल त्या भेगा तात्पुरत्या भरतं. दोन पावसांत ते वाहून जातं, जाता जाता रंगावर ओघळ सोडतं आणि मधल्या काळात धूळ धरून ठेवतं. बुटाच्या पॉलिशचंही तसंच. डिझेलचा सल्ला देणाऱ्याला तर हात जोडा, शेजारचं रबर त्यानं फुगतं.

गाडी नेहमीसारखी धुवा. आता खरं काम.

मला सगळ्यात जास्त छळलं ते या टप्प्यानं: प्लास्टिकच्या खरबरीत दाण्यांत रुतलेलं जुनं मेण, पॉलिश आणि सिलिकॉन काढणं. हात फिरवला तर पृष्ठभाग स्वच्छ वाटतो, पण तो स्वच्छ नसतो. वर लावलेलं महागातलं महाग रिस्टोरर (प्लास्टिक पुन्हा काळं करणारा लेप) सुद्धा मग प्लास्टिकला न धरता त्या तेलकट थराला धरतं आणि ठिपक्याठिपक्यांनी निघून जातं. लोक बाटलीला शिव्या देतात.

डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण, बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पातळ करून फवारा, मिनिटभर मुरू द्या, पण वाळू देऊ नका. मग मध्यम कडक ब्रशनं गोल गोल घासा. नुसत्या कापडानं भागत नाही, ते दाण्यांच्या माथ्यावरूनच फिरतं. भरपूर पाण्यानं धुवा आणि पाण्याकडे बघा. उन्हानं झिजलेल्या प्लास्टिकवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले, तर चिकटा अजून शिल्लक आहे. पाणी सपाट पसरलं आणि प्लास्टिक एकसारखं ओलं, काळं दिसलं, तर जमलं. जिथं थेंब दिसतील तिथं पुन्हा घासा. कितीदा ते पाणी सांगेल, तुमचा कंटाळा नाही. पॉलिशचा पांढरा डाग हटत नसेल, तर साधं खोडरबर घासून बघा.

पूर्ण सुकवा. सांध्यांत आणि जाळीत पाणी दडून बसतं आणि नेमकं लेप लावताना बाहेर येतं, म्हणून तिथं हवा मारा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं करून पांढऱ्या कापडानं पुसा. कापडावर पिवळट-तपकिरी येणं थांबलं पाहिजे. हलका काळपटपणा येत राहील, तो सुटलेल्या प्लास्टिकचा असतो, त्याच्या मागे लागू नका.

रंगावर आणि काचेच्या कडेला मास्किंग टेप लावा.

रिस्टोरर वाळून घट्ट होणाऱ्या जातीचं घ्या. कायम ओलसर चमकत राहणारं म्हणजे बाटलीतलं तेलच. गाडी सावलीत आणि प्लास्टिक हाताला गार हवं. थेंब-दोन थेंब स्पंजवर घेऊन एका वेळी एकच भाग करा, पातळ लावा आणि बाटलीवर दिलेल्या वेळेत कोरड्या मायक्रोफायबर कापडानं जास्तीचं पुसून घ्या. हे पुसणं चुकवलं की पट्टे वाळतात आणि ते काढायला लेप लावण्याच्या तिप्पट मेहनत पडते. टेप लेप ओला असतानाच काढा. पुढचा किमान एक दिवस पाणी लागू देऊ नका.

हीट गनबद्दल, म्हणजे गरम हवा मारणाऱ्या यंत्राबद्दल, विचारणार, म्हणून सांगतो. उष्णतेनं वरचा थर वितळून काळा रंग उमटतो हे खरं, पण पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं आणि गनची हवा त्याहून कितीतरी गरम असते. क्षणभर हात थांबला की दाणे सपाट होतात, पट्टी वाकते आणि ते परत येत नाही. शिवाय ऊन तोच थर पुन्हा खातं. भंगारातल्या तुकड्यावर हौस फेडा, स्वतःच्या बंपरवर नको.

चकचकीत काळ्या पट्ट्यांना यातलं काहीच लावू नका, तो बहुतेक वेळा रंग असतो आणि त्याला पॉलिशिंग लागतं. आणि वायपरखालची जाळी थेट आकाशाकडे तोंड करून असते, त्यामुळे पुन्हा करडी पडायला सुरुवात तिथूनच होते. तिला पहिला हात नीट वाळल्यावर लगेच दुसरा द्या.