घरातल्या कॅसेट, सीडी, डीव्हीडी नासवर कशा चढवाव्यात?

नास म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी हार्ड डिस्कची पेटी. सुरुवात आवडत्या सिनेमापासून नको, सगळ्यात लवकर खराब होणाऱ्या गोष्टीपासून करा. आधी कॅसेट आणि व्हीएचएस, मग घरी बर्न केलेल्या सीडी, आणि विकत घेतलेल्या डिस्क अगदी शेवटी. बर्न केलेल्या सीडीतला रंगाचा थर हळूहळू उतरतो. कारखान्यात तयार झालेली विकतची सीडी सहसा बराच काळ टिकते.

कॅसेटला घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं द्यावीच लागतात. आधी डेकचं (कॅसेट प्लेअरचं) हेड, म्हणजे टेपला टेकणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. डेकच्या लाइन आउटमधून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन इनला जोडा, माइकच्या खाचेत नको, तिथे आवाज फाटतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये २४ बिटवर रेकॉर्डिंग लावा आणि गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. आवाज दबलेला, घोंगडी पांघरल्यासारखा वाटला, तर बहुतेक वेळा हेड किंचित तिरकं असतं. हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवत ऐका. झांजा, टाळ्या स्वच्छ ऐकू आल्या की थांबा. खरखर काढायचा फिल्टर मूळ फाइलवर कधीच लावू नका, हवा तर कॉपीवर लावा.

सीडीचं काम सोपं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरा. त्यातली ॲक्युरेटरिप ही पडताळणी चालू ठेवलीत, तर तीच सीडी इतरांनी रिप (कॉम्प्युटरवर कॉपी) केली असल्यास तुमची कॉपी त्यांच्याशी जुळते का, हे तिथल्या तिथे कळतं. फाइल फ्लॅकमध्येच ठेवा, या प्रकारात आवाजातलं काहीच गळत नाही. फ्लॅकपासून एमपी३ कधीही करता येते, एमपी३मधून गेलेला आवाज परत येत नाही.

डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी मेकएमकेव्ही हा प्रोग्रॅम. तो चित्र पुन्हा एन्कोड न करता (नव्याने दाबून लहान न करता) जसंच्या तसं एमकेव्ही या व्हिडिओ फाइलमध्ये उतरवतो. एका डीव्हीडीला साधारण ४ ते ८ जीबी धरा, ब्लू-रेला बरेचदा ३० जीबीच्या वर. जागा कमी असेल तर हँडब्रेक या प्रोग्रॅमने फाइलचा आकार घटवा. पण हल्ली हार्ड डिस्कपेक्षा आपला वेळ महाग, म्हणून डीव्हीडी तरी मी आहे तशीच ठेवायला सांगेन. कॉपी-संरक्षण तोडण्याबाबत प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, तो आधी बघून घ्या.

खरा वेळ खातं ते नाव देणं. सिनेमाला स्वतंत्र फोल्डर, त्यावर नाव आणि कंसात वर्ष. मग जेलीफिन किंवा प्लेक्स (नासवरचे सिनेमे-गाणी टीव्हीवर, फोनवर दाखवणारे प्रोग्रॅम) पोस्टर सहसा आपोआप शोधतं. गाण्यांचे टॅग, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली गाणं-गायक-अल्बमची माहिती, म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या प्रोग्रॅमने भरा. अनेक गायकांच्या अल्बममध्ये ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना सगळ्या गाण्यांना एकच ठेवा, नाहीतर एका अल्बमचे दहा तुकडे होऊन यादीभर विखुरतात. देवनागरी की रोमन, हेही पहिल्याच दिवशी ठरवा.

नासमध्ये दोन डिस्क रेड १ने, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा एकाच वेळी लिहिला जाईल अशा, जोडल्या की एक बिघडली तरी डेटा वाचतो. पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते, तेव्हा त्याला बॅकअप समजू नका. तिसरी डिस्क घ्या, कॉपी करून काढून ठेवा, जमल्यास दुसऱ्या घरी. टीव्हीसाठी नासवर वेगळं खातं उघडा आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या.